घाटाच्या तळापर्यंत

हिंजवडीतल्या कंपनीत मी काय करतो, हे आईला अजून धड सांगता येत नाही. ती पाहुण्यांना म्हणते, "भोंग्यांचं कायतरी बघतो." मोकळ्यावर वारा सुटलेला असताना स्पीकर कुठे, किती उंच, किती कलते लावले म्हणजे सगळ्यांना सारखं ऐकू येईल, हे मी संगणकाकडून काढून घेतो. म्हणजे आईचंही काही चुकत नाही.

चाकणजवळ माझं आजोळ. तिथल्या यात्रेत बैलगाडा शर्यत असते. शर्यतीच्या चढाला घाट म्हणतात. गाडे घाटाच्या तळाला जुंपतात आणि वर निशाणापर्यंत पळवतात. वरच्या मंचावरून बाऱ्या, म्हणजे आता कुणाच्या गाड्याची पाळी ते, पुकारायचं काम माझ्या मामांचं, मला कळायला लागल्यापासून. मालक, त्याचं गाव, बैलांची नावं, सगळं तोंडपाठ. पुकारणाऱ्याने हातात कागद धरला की त्याची इज्जत गेली, असं आमच्याकडे मानतात. मामांनी कधी धरला नाही.

गेल्या वर्षी एका गाडामालकाची बारी चुकली. तळाला पुकार ऐकूच आली नाही म्हणाला. यात्रा कमिटीत कुजबुज सुरू झाली, की मामांचा आवाज बसला, आता दुसरा माणूस बघा. मामांचं एकच, "आवाज हाय तसाच हाय. वारा खातोय त्याला."

माझं डोकंच फिरलं. कारण मामा बरोबर होते! दुपारी तिथे वारा तळाकडून वर येतो. जमिनीलगत तो मंद असतो, वर जोरात. त्याच्याविरुद्ध निघालेला आवाज वर उचलला जातो आणि तळाच्या माणसांच्या डोक्यावरून निघून जातो. त्यात कमिटीने सगळे कर्णे मंचाशेजारी बांधलेले. वरच्यांच्या कानात नुसता कल्ला, खालच्यांना काहीच नाही. मी अध्यक्षांना म्हणालो, "यंदा पहिला दिवस मला द्या. तळाला शब्द न् शब्द कळला, तर माईक मामांकडेच राहील."

"दिला राव," ते म्हणाले. "नाही कळला, तर मात्र आम्ही दुसरा बघणार."

तीन दिवस दुपारी मी घाटात उभा राहून वाऱ्याचा वेग मोजला. मग माझ्या मारुंजीच्या खोलीवर बसून संगणकाला कामाला लावलं. कर्ण्यांच्या जागा, कल, आवाज बदलून बदलून त्याने असंख्य मांडण्या तपासल्या. उत्तर साधं निघालं. मंचावरचे कर्णे कमी करायचे, उरलेले उतारावर टप्प्याटप्प्याने लावायचे आणि प्रत्येक टप्प्याला आवाज किंचित उशिरा सोडायचा, म्हणजे वरचा आणि खालचा आवाज एकदमच कानावर येतो, घुमत नाही. कर्णे बांधणारा मंडपवाला हसला. "आवाज बारीक करून लांब जातो व्हय भाऊ? काय पण!"

शर्यतीच्या दिवशी मी तळाला थांबलो. वारा तोंडावर येत होता. मामांनी पहिली बारी पुकारली आणि मला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू आला. मंडपवाल्याने मला लांबून हात जोडले. मी फुगलो, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या बारीला मामांनी मालकाच्या जागी त्याच्या वडिलांचं नाव घेतलं. वडील जाऊन काही वर्षं झाली होती. मालकाने मान खाली घातली. पुढच्या बारीला बैलांची नावं चुकली, नंतर गाव. एका गाड्याला तर त्यांनी दोनदा पुकारलं. गेल्या वर्षी बारी चुकलेला मालक माझ्याशेजारीच उभा होता. तो हळूच म्हणाला, "तवा बी माझं नाव घेतलंच नसंल त्यांनी." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

माझं गणित एका जागी चुकलं असतं तर, असं मला तेव्हा मनापासून वाटलं. मी धापा टाकत वर गेलो. अध्यक्ष माझ्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागले. मामा घामाघूम, पण चेहरा खुललेला. त्यांनी माईकवर हात ठेवून मला विचारलं,

"तळापत्तुर गेलं का रं?"

"गेलं मामा."

"समदं?"

"समदं."

त्यांनी अध्यक्षांकडे रुबाबात पाहिलं, रुमालाने तोंड पुसलं आणि पुढची बारी पुकारायला माईक तोंडाशी धरला.