कुणालाच न पटलेला पोलीस पाटील

मंडळी, आज सकाळी इथे आखातात, कुरुमला आमच्या मराठी वाचक गटाची बैठक झाली, आणि अजून डोकं तापलेलंच आहे.

पुण्याहून कुणाच्या तरी बॅगेतून आलेली एकच प्रत नऊ घरं फिरली होती. कादंबरी एका गावच्या पोलीस पाटलाची. विहिरीत एका बाईचं प्रेत सापडतं. खून कुणी केला हे पाटलाला माहीत असतं, तरी तो ‘पाय घसरून पडली’ अशा पंचनाम्यावर सही करतो. त्याला त्याच गावात राहायचं असतं.

सगळे त्याच्यावर तुटून पडले. सर्वांत मोठा आवाज देसाई सरांचा. “मला हे पात्र पटलंच नाही. माणूस इतका लाचार नसतो हो.”

देसाई सर म्हणजे गाला या इथल्या औद्योगिक भागातल्या आमच्या वर्कशॉपचे मॅनेजर. गेल्या महिन्यात तिथे प्रेस मशीनमध्ये रफीकची दोन बोटं गेली. मशीनचं गार्ड आठवडाभर तुटलेलं होतं, आम्ही सगळे बघत होतो. सरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. मला म्हणाले, “अर्बाबला कशाला दुखवायचं? मालक आहे तो. आपल्याला इथेच राहायचंय. खलास.”

आज माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच बोललो, “भाषा चांगली आहे.” मग सगळ्यांबरोबर चहा प्यायलो.

तुम्ही वाचलीत तर सांगा, तो पाटील तुम्हाला खरा वाटतो का? मला वाटतो. रफीकच्या रिपोर्टवर साक्षीदार म्हणून सही माझी आहे.