मराठीच्या बाई आणि आठ लॅपटॉप

एका कंपनीनं नको म्हणून दिलेले आठ लॅपटॉप दोन बॅगांत भरून मी गेली काही वर्षं सातारा-सांगलीच्या शाळांतून फिरते. मुलांना आणि त्याहून जास्त शिक्षकांना प्रोग्रामिंग शिकवते. फार अवघड काही नाही. पडद्यावर रंगीत ठोकळे असतात, प्रत्येकावर एक हुकूम लिहिलेला, आणि ते एकाखाली एक जोडले की पडद्यावरचं मांजर तसं वागतं. जाऊन आले की दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधीच सहकारी विचारतात, काल काय झालं. सांगता सांगता इतकं साठलंय की कुठलं कुठं घडलं याची कधी कधी माझीच गल्लत होते. पण काही गोष्टी पक्क्या लक्षात आहेत.

*

सुरुवात आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत झाली. हे ठोकळे मला माझ्या लेकीनं उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवले होते. बैठकीत मी उभी राहून म्हटलं की मला हे शाळांमध्ये न्यायचंय, आधी शिक्षकांना शिकवायचंय.

मागच्या बाकावरून विज्ञानाचे एक सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मराठीच्या बाई आता कॉम्प्युटर शिकवणार?"

सगळे हसले. मीही हसले. मग म्हटलं,

"सर, त्या मांजराला चाल, थांब, वळ असं सांगायचं असतं. आमच्यात त्याला आज्ञार्थ म्हणतात. भिंत लागली तर मागं फिर, हे झालं संकेतार्थी वाक्य. अठरा वर्षं मी हेच शिकवतेय. तुम्हीच उशिरा आलात."

पहिल्या वर्गासाठी नावं मागवली तर यादीत पहिलं नाव त्याच सरांचं. नावापुढं विषय लिहायचा होता. तिथं त्यांनी लिहिलं होतं : विज्ञान. मराठी कच्चं.

*

तो पहिला वर्ग उंब्रजला झाला. शाळेत कॉम्प्युटरची खोली होती, पण कुलूपबंद. उघडली तर कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकची कव्हरं आणि कव्हरांवर कुठल्या तरी दसऱ्याचं हळदकुंकू. मुख्याध्यापक दारातच उभे. बिघडलं तर जबाबदार कोण, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मी लॅपटॉप मांडले आणि शिक्षकांना सांगितलं, आज प्रत्येकानं एक तरी चुकीचा प्रोग्राम करायचा. बरोबर आलेला चालणार नाही.

माने गुरुजी म्हणून एक ज्येष्ठ शिक्षक होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले की बाई, बत्तीस वर्षं बिनचूक गेली, ही दोनही तशीच जाऊ द्या.

मी काही त्यांना सोडलं नाही. शेवटी त्यांनी एका बोटानं ठोकळे ओढले, कसेही जोडले आणि डोळे बारीक करून बटण दाबलं. मांजर उलटं झालं, डोक्यावर चालत चालत पडद्याच्या कडेला गेलं आणि दिसेनासं झालं.

गुरुजी दाराकडं बघत बसले. कुणी रागावलं नाही, काही जळलं नाही. मी एक बटण दाबून मांजर परत आणलं. त्यांनी पुन्हा तोच प्रोग्राम चालवला, मग पुन्हा एकदा. चौथ्या वेळी ते मोठ्यानं हसले.

"बत्तीस वर्षांत पहिल्यांदा चूक केली," ते म्हणाले, "आणि कुणी लेखी खुलासा मागितला नाही."

*

याच गुरुजींच्या शाळेत दोन-तीन महिन्यांनी मी लॅपटॉप घेऊन गेले होते. चौथीच्या मुलांनी पाढे विचारणारा प्रोग्राम केला होता. उत्तर चुकलं तर मांजरानं काय म्हणायचं यावर वर्गात दोन दिवस वाद झालेला. 'चूक' असं म्हणायचं नाही, यावर मुली अडून बसल्या होत्या आणि त्यांचंच खरं झालं होतं.

नेमके त्या दिवशी तपासणीला एक साहेब आले. नवीन होते, तरुण होते. गणिताच्या तासाला पडद्यावर मांजर बघून त्यांचा पारा चढला. हे खेळ बंद करा आणि पाढे घ्या, म्हणाले.

साहेब आले की गुरुजी जन्मभर हात जोडून उभे राहिलेले. त्या दिवशीही हात जोडलेलेच होते, पण लॅपटॉप काही त्यांनी मिटला नाही. खुर्ची पुढं केली. पाढेच चाललेत, आपणच बसून बघा, म्हणाले.

साहेब बसले. मांजरानं विचारलं, सतरा नव्वे किती? साहेबांनी घाईत एकशे त्रेसष्ट टाकले.

मांजर म्हणालं, "घाई नाही. पुन्हा सांगा."

एकही मूल हसलं नाही. चुकणाऱ्याला हसायचं नाही, हा त्या वर्गाचा नियमच होता. दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्या वेळी एकशे त्रेपन्न आले आणि मांजर नाचलं. साहेब उठले, भेटीच्या वहीत शेरा लिहिला आणि निघाले. शेरा होता : पाढ्यांचा सराव आवश्यक.

गुरुजींनी तो वाचला आणि वही घेऊन गाडीपर्यंत मागं गेले.

"साहेब," ते म्हणाले, "कुणाचा, ते लिहायचं राहिलं."

*

कुंडलला गेले त्या दिवशी लाईटच नव्हती, आणि जुन्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या म्हणजे नावालाच. शाळा समितीचे अध्यक्ष निवृत्त सुभेदार. ते फाटकात उभे राहून बघत होते. पोरींना ह्ये मशीनचं काम जमायचं न्हाई, त्यापरास शिवन शिकवा, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, मग आज तुम्हीच मशीन व्हा. मुली हुकूम देतील. नियम एकच, मशीन फक्त फळ्यावर लिहिलेला हुकूम ऐकतं, दुसरं काही नाही. सुभेदार लगेच तयार झाले. हुकूम पाळण्यात त्यांचा हात कोण धरणार.

फळ्यावर चारच हुकूम होते. पुढे चल, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, थांब. झेंड्याच्या खांबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत न्यायचं होतं. मुलींनी एका सुरात 'पुढे चल' म्हटलं आणि सुभेदार कडक पावलं टाकत निघाले. वळायची वेळ आली तेव्हा डावं म्हणजे त्यांचं की आपलं, यावर मुलींचं भांडण लागलं. तेवढ्यात सुभेदार फाटकाबाहेर.

मुली मागं धावल्या. "काका, थांबा. आवं काका, थांबा की."

सुभेदार थांबेनात. पिठाची गिरणी मागं पडली. दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. एसटीचा थांबा आला, तरी पावलं चालूच. मुली रडकुंडीला आल्या. फळ्यावर 'थांब' लिहिलं होतं आणि एवढ्या मोठ्या माणसाला अरेतुरे करायला एकीचीही जीभ रेटत नव्हती.

शेवटी सहावीतली वैष्णवी कंबरेवर हात ठेवून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि ओरडली, "थांब!"

सुभेदारांनी खाडकन पाय आपटला आणि थांबले. मागं वळून गावासमोर म्हणाले, "तवाच म्हनायचं हुतं. हुकूम देताना भ्यायचं न्हाई."

शिवणाचा विषय पुन्हा निघाला नाही.

*

आता रेश्माचं सांगते. ती माणदेशातली, मेंढपाळाची मुलगी. मेंढरं घेऊन घर उसाच्या पट्ट्यात उतरलं की चार महिने आमच्या शाळेत, सातवीत. तिनं पडद्यावर मेंढरांचा कळप केला होता. कुत्रं एका बाजूनं आलं की पुढची मेंढी वळायची, मग मागच्या एकामागून एक, आणि कोकरं आपोआप मधे जायची. सगळ्या एकदम का वळत नाहीत, असं मी विचारलं, तर मागच्यांना जरा उशिरा कळतं, एवढंच म्हणाली.

दोन्ही जिल्ह्यांच्या शाळांचं प्रदर्शन साताऱ्याला होतं. हजेरी कमी म्हणून तिला न्यायला आमच्याच शाळेत विरोध झाला. मी तिचं नाव लिहिलं आणि सही केली. तिचे वडील मेंढरं भावाकडं सोपवून आमच्याबरोबर आले आणि हॉलच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

परीक्षकांनी कळप दोनदा बघितला. मग फॉर्मवरची तिची हजेरी वाचली आणि तिच्याशी न बोलता माझ्याकडं वळले. म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही करून दिलंय. ही मुलगी तर निम्मं वर्ष शाळेतच नसते. हिला हे जमणं शक्य नाही."

मी बोलायला तोंड उघडलं.

"बाई, तुमी ऱ्हावा," रेश्मा म्हणाली.

तिनं सगळे ठोकळे एकदम धरले, पडद्याच्या कोपऱ्यातल्या कचराकुंडीपर्यंत ओढत नेले आणि सोडले. पडदा पांढरा. दुसरी प्रत आमच्याकडं नव्हती, हे तिलाही माहीत होतं. परीक्षकही म्हणाले, अगं, हे काय केलंस?

तिनं बांगड्या कोपराकडं सारल्या आणि शेजारची खुर्ची त्यांच्याकडं ढकलली.

"बसा सायेब," ती म्हणाली. "पयल्यापास्नं करून दावते."