जिनेवाली आणि अर्धी दाढ

हे दयाघना, तुझा सूर्य उगवताना कोणत्या घराला किती मजले आहेत हे विचारत नाही. तुझा वारा मालकाच्या आणि भाडेकरूच्या छातीत सारखाच शिरतो. तू सगळ्यांना एका मातीचे घडवलेस. उंच-सखल केले ते आम्ही. तुझ्या चरणी मस्तक ठेवून आज एका माउलीची कथा सांगावीशी वाटते.

तिला सगळे जिनेवाली म्हणत. मोठमोठ्या इमारतींचे जिने धुणे हे तिचे काम. वरच्या मजल्यापासून सुरुवात करायची, पायरी-पायरीने पाणी खाली उतरवायचे, कोपऱ्यातली घाण काडीने उकरायची आणि शेवटी कोरड्या फडक्याने कठडा पुसायचा. पुढचा जिना संगमरवरी, रुंद. मागचा लोखंडी, कचऱ्याच्या डब्यांपाशी उतरणारा. धुवायची ती दोन्ही. चढायची मात्र मागच्यानेच. तशी कुठे पाटी नव्हती. नवी नवरी असताना सासूने कामावर नेले, तेव्हाच शिकवले होते, “मागून जायचं. घंटी एकदाच वाजवायची. मग गप उभं राहायचं, बोलावतात. दुसऱ्यांदा वाजवली की त्यांना वाटतं, बाई उर्मट आहे. आणि उर्मट बाईचं काम जातं बघ.”

सासू गेली, शिकवण तिच्या पावलांत मुरली.

नवरा बाजारात हमाल. ओझ्यांनी कंबर धरली होती, पण जीभ अजून तरतरीत होती. आणि एकुलती लेक. त्या लेकीचे वेड जगावेगळे! गल्लीच्या तोंडाशी एक कारागीर कवळ्या बनवायचा. शाळेतून येताना ती तिथे खिळून उभी राहायची आणि घरी येऊन साबणाच्या चिपांतून दात कोरायची.

“काय गं, अंघोळीच्या साबणाला दाढा फुटल्या!” बाप ओरडायचा. “कर, कर. माझे दात पडले की घरचा माल घरात.”

“आधी चावायला काही आणा,” जिनेवाली म्हणायची, “मग पाडा दात.”

कारागीर एकदा म्हणाला, “पोरी, हात चांगला आहे तुझा. पण आता शिक्षण नसेल तर कुणी उभं करत नाही. दात बनवायला शिकवणारी संस्था आहे, तिथं जा. निवड झाली तर फी नाही.”

लेकीने अर्ज केला, परीक्षेचे बोलावणे आले. पण बापाने तिच्यासाठी बाटल्यांच्या कारखान्यातही शब्द टाकून ठेवला होता. निवड झाली नाही, तर पुढच्या आठवड्यापासून तिथे बाटल्या वाहणाऱ्या पट्ट्यापाशी उभे राहायचे, असे ठरले. तो काही वैरी नव्हता. घर दोघांच्या कमाईवर चालेना, हे त्याला दिसत होते. जिनेवालीचा जीव मात्र टांगणीला लागला. तिच्या बहिणीची मुलगीही त्या पट्ट्यापाशी ‘थोडे दिवस’ म्हणून उभी राहिली होती. आता तिला दोन मुले होती, आणि ती अजून तिथेच उभी होती.

परीक्षेच्या सकाळी मायलेकी निघाल्या. संस्थेसमोर गाड्यांची रांग लागली होती. मुले उतरत होती, त्यांच्या काखेत कोरण्याच्या हत्यारांच्या चामडी पेट्या होत्या; आया त्यांची कॉलर नीट करत होत्या. समोर काचेचे दार, त्याला रुंद पायऱ्या. आणि सज्जनहो, जिनेवालीची पावले पायऱ्यांपाशी आली आणि आपोआप वळली. इमारतीला वळसा घालून ती मागच्या बोळात शिरली.

“आई, सगळे पुढून चाललेत.”

“ते त्यांचं. आपण मागून बरं. उगीच कुणी हटकायला नको.”

मागचे दार दिसले. तिने घंटी वाजवली. एकदाच. एका बाईने दार किलकिले केले, दोघींकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, “थांबा,” म्हणाली आणि दार लावून घेतले. कशासाठी आलात, हे तिने विचारले नाही. तसले कपडे आणि तसल्या वहाणा मागच्या दाराशी का येतात, हे जगाला ठाऊकच असते!

दोघी पायरीवर बसल्या. थोड्या वेळाने एकजण बादलीतले पाणी ओतायला आला. “जरा सरका,” म्हणाला. त्या सरकल्या. ऊन अंगावर आले.

“आई, परत वाजवू?”

“वेडी की काय! थांबा म्हणालेत ना?”

मग बोळाच्या तोंडाशी गलका ऐकू आला. काखेत पेट्या घेतलेली मुले हसत-बोलत घरी निघाली होती. लेक उठून उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“आई, संपलं गं.”

जिनेवालीने लेकीचा हात धरला आणि धावत सुटली. बोळ, वळसा, रुंद पायऱ्या, काचेचे दार. कुणी हटकले असेल तर तिला ते ऐकूही आले नाही. परीक्षेच्या खोलीत कारकून खुर्च्या लावत होता.

“वेळ झाली, बाई. केव्हाच. कुठं होतात?”

“इथंच होतो, साहेब. मागच्या दाराशी. सकाळपासून.”

“मागच्या दाराशी? तिथं कशाला?”

एवढ्या वर्षांत हे तिला कुणी विचारलेच नव्हते. उत्तर लेकीने दिले, “आम्हाला थांबा म्हणाले. आम्ही थांबलो. आई दुसऱ्यांदा घंटी वाजवत नाही कुठंच.”

कारकुनाने मान खाली घातली. “खरं सांगू? वाईट वाटतंय. पण नियम आहे.”

खोलीच्या टोकाला, प्लास्टरने माखलेला अंगरखा घातलेल्या शिक्षिका टेबल आवरत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “नियम माहीत आहे मला. माझं टेबल आवरून होईपर्यंत परीक्षा चालूच असते. ये गं, बस. हे मेण, ही सुरी. दाढ कोर.” आणि आवरलेल्या वस्तूंमधली एक उचलून त्यांनी पुन्हा पुसायला घेतली.

पण टेबल शेवटी टेबलच. ते किती वेळ आवरणार? लेकीची दाढ अर्धीच झाली. वरचे खाचखळगे उतरले, मुळे मेणातच राहिली. शिक्षिकांनी ती उजेडात धरली. “जेवढं आहे तेवढ्याचेच गुण देता येतील,” त्या म्हणाल्या. तेवढेच दिले. निवड झालेल्यांत लेकीचे नाव आले नाही. त्यांच्या खालोखाल, जागा सुटली तर घ्यायच्या मुलांच्या यादीत ते पहिले आले.

कारखान्यात जायच्या आदल्या दिवशी बापाचा फोन वाजला. कारकून होता. एक जागा सुटली होती. निवड झालेल्या एका मुलाला त्याच्या वडिलांनी परगावच्या बड्या संस्थेत घातले होते.

त्यांच्या एका खोलीच्या घरात आनंदाचा कल्लोळ झाला. बाप कंबर विसरून नाचला आणि मग “आई गं!” करत भिंतीला टेकला. जिनेवाली मात्र डोळे पुसत विचारत होती, “त्या पोराचं नीट होईल ना हो तिथं? आपल्यासाठी जागा सोडली त्यानं.”

“अगं, त्याला चार जागा होत्या, त्यातली एक सोडली!” नवरा म्हणाला. “तू आपल्या एकीचं बघ.”

सज्जनहो, हसत बोललेले हे वाक्य काळजाला चटका लावून जाते. एका लेकराची चुकलेली वाट दुसऱ्या वाटेला मिळते. दुसऱ्या लेकराची एकदा चुकली की जन्माची चुकते. लेकीच्या हातात कसब होतेच, पण तिची जागा कुणाच्या तरी सुबत्तेतून सांडलेली होती. देवा, हिशेब तुझ्याकडे असतील. आमच्याकडे लाज तरी असू दे.

त्या माउलीच्या गुडघ्यांना बळ मिळो. त्या हमालाच्या पाठीला विसावा मिळो, त्याच्या थट्टेला कधी गंज न चढो. लेकीच्या बोटांतून शेकडो म्हाताऱ्या चेहऱ्यांवर पुन्हा हसू उमलो. आणि त्या एका खोलीत तुझा वास अखंड राहो, दयाघना, अखंड राहो.