मडकं उघडायच्या आत

काळुराम खारेपाटातला. त्याच्या घराला कुंपण नव्हतं, खाडी होती. आजा मिठागरात राबला, बाप मिठागरात राबला, आणि काळुरामही त्याच वाटेनं गेला. ओहोटीबरोबर होडी सोडायची, मीठ पोचवायचं, आणि भरतीच्या पाठीवर बसून घरी यायचं, हा त्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. होडीत वल्ही होती, शीडही होतं, पण ती पाहुण्यासारखी. खरं काम पाणी करी.

मग एका वर्षी खाडीच्या बांधाला खांड पडली. खारं पाणी शेतात शिरलं ते निघायचं नावच घेईना. मिठागरंही मिटत आली होती. तेव्हा त्याची बायको बायजाबाई म्हणाली, "चला आता माझ्या माहेरी. गुणानं घराला जागा दिलीय." गुणाजी म्हणजे तिचा धाकटा भाऊ. असा काळुराम पेणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, धरणाच्या तळ्याकाठी राहायला आला.

बायकोच्या माहेरी राहणाऱ्या माणसाला गाव वाईट वागवत नाही. फक्त त्याचं नाव विसरतं. काळुरामचा 'बायजाचा नवरा' झाला. पोस्टमनसुद्धा त्याला त्याच नावानं हाक मारी.

त्या तळ्याकाठी एक शीड मंडळ होतं. रोह्याचे जनूभाऊ नेव्हीतून निवृत्त होऊन आले, तेव्हा त्यांनी मुंबईहून जुन्या शिडाच्या होड्या ट्रकवर घालून आणल्या आणि हे खूळ सुरू केलं. मेंबर कोण? गावातले भात-वालाचे शेतकरी, पेणचे दोनतीन दुकानदार, रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करणारी माणसं. रविवारी होड्या तासभर पाण्यात आणि मेंबर दिवसभर काठावरच्या चिंचेखाली. कोणाच्या मुलीला कुठलं स्थळ, कोणाच्या बांधावरून कोणाचा बैल गेला, सगळ्याचा निवाडा तिथं. चिंचेखाली ज्याला बूड टेकायला मिळालं, त्याला गावात जागा मिळाली. काळुरामला ती जागा हवी होती. पाणी दिसत असताना काठावर उभं राहायचं, हे त्याच्या जिवाला लागायचं.

पण मंडळात शिरायची रीत ठरलेली. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की उमेदवाराच्या घरच्यांनी काठावर पोपटी लावायची. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, बटाटे, ओवा, मीठ. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. जाळ लागला की उमेदवारानं एकट्यानं होडी हाकारायची, तळ्याच्या मधोमध उरलेल्या टेकडीला वळसा घालायचा आणि मडकं उघडायच्या आत काठाला लागायचं. लागला, तर सगळ्यांबरोबर बसून शेंगा खायच्या, झाला मेंबर. नाही लागला, तर त्याच्या शेंगा इतरांनी खायच्या आणि त्यानं पुढच्या हिवाळ्यापर्यंत वासावर राहायचं.

जनूभाऊंनी त्याला चार रविवार शिकवलं. वारा समोरून असला की सरळ येता येत नाही, तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा तिरकं यायचं, नागमोडी. काळुराम मान हलवायचा आणि लक्ष दुसरीकडे.

"भाऊ, खाडीच्या मानसाला पानी शिकवताव व्हय?" एवढंच म्हणायचा.

पौषातल्या एका रविवारी बायजाबाईनं मडकं उपडं घातलं. पेंढा धडाडला. काळुरामनं होडी ढकलली.

"अरे मिठाच्या मानसा," काठावरून जगन ओरडला. जगन पेणचा, सायकलचं दुकान असलेला, जिभेला ब्रेक नसलेला. "पान्यात विरघळू नको रे!"

"विरघळलो तर तुमचं तळं जरा चवीला लागंल!" काळुराम म्हणाला आणि चिंच पोटभर हसली.

वारा पाठीवर होता. होडी अशी सुटली, जशी वेसण सुटलेली कालवड. बघता बघता टेकडी आली, वळसा झाला, आणि वारा थेट तोंडावर आला.

असा वारा काळुरामनं जन्मभर पाहिला होता. त्यावर त्याच्या घराण्यात एकच औषध होतं. त्यानं शीड उतरवलं, दोरीला बांधलेला धोंडा पाण्यात सोडला, पाय पसरले आणि बिडी पेटवली. आज एकादशी. बोटांच्या पेरांवर त्यानं तिथीवरून भरतीचा हिशेब मांडला. दुपार कलली की पाणी फिरणार, म्हणजे आता फिरलंच समजा. नागमोडी जाऊन कशाला दमायचं? भरती आपली आई, ती कडेवर घेऊन पोचवील.

बिडी संपली. दुसरी संपली. समोरच्या खडकावर पाण्याची ओली रेघ होती, ती जिथल्या तिथं. वाळक्या झाडावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता आणि याच्याकडे मान वाकडी करून बघत होता. पलीकडे काठावरचा धूर दाट होता, तो विरळ झाला, मग पुन्हा दाट झाला.

"उशीर करतंय आज," काळुराम पाण्याला म्हणाला. तोंड धुवायला त्यानं ओंजळ भरली. एक घोट ओठांवर गेला.

गोड.

त्या पाण्याचा चहा तो रोज पीत होता. त्या पाण्यानं अंघोळ करत होता. पण हातात सुकाणू आलं आणि अंगातला खारेपाट जागा झाला, तिथं जिभेचं कोण ऐकतो? गोड्या पाण्याला कसला चंद्र आणि कसली एकादशी! काळुरामनं स्वतःला अशी एक शिवी दिली की पाणकावळा उडाला.

इकडे काठावर काय चाललं होतं, ते त्याला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. पोपटी झाली की नाही ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र वाजलं की झाली. जगननं शिंपडलं. चर्र वाजलं.

"ह्यो चर्र कच्चा हाय," बायजाबाई म्हणाली आणि तिनं आणखी पेंढा टाकला.

थोड्या वेळानं पुन्हा शिंपडलं. थेंब मडक्याला लागायच्या आतच वाफ झाला.

"वयनी, आता तरी?"

"माझ्या हातच्या पोपटीला येळ लागतो."

"ताय गो, जळका वास येतोय," गुणाजी हळूच म्हणाला.

"गुणा, तुझ्या नाकाला लहानपणापासून खोड हाय. गप बस!" असं म्हणून ती हातात काठी घेऊन मडक्याशेजारी बसली, आणि मग कोणी पाणी शिंपडायला पुढे आलं नाही.

तेवढ्यात टेकडीआडून शीड निघालं. सरळ नव्हतं येत. डावीकडे गेलं, थबकलं, उजवीकडे आलं. शेत नांगरायला पहिल्यांदाच जुंपलेला गोऱ्हा जसा चालतो, तशी ती चाल. एका वळणावर शिडाचा आडवा दांडा काळुरामच्या डोक्यात असा बसला की काठावर ठक्क ऐकू आलं. शेवटी होडी गवतात घुसून, गवत शिंगांवर घेतल्यासारखी काठाला लागली.

जनूभाऊंनी हात देऊन त्याला उतरवलं. भला माणूस, त्यांनी स्वतःहूनच सबब पुढे केली. "वारा पडला होता का रे तिकडे?"

'व्हय' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. काळुरामनं तोंड उघडलंही. पण समोर बायजाबाई उभी होती, कपाळापर्यंत काजळी, डोळे धुरानं लाल, हातात काठी. तिच्यासमोर त्याला खोटं सुचेना.

"नाय भाऊ," तो म्हणाला. "भरतीची वाट बघत व्हतो."

 चिंचेखाली जो हशा उठला! गुणाजी तर जमिनीवरच बसला. बायजाबाईनं काठी टाकली आणि पदर तोंडात कोंबला, पण खांदे काही तिला लपवता येईनात.

"ऐका, ऐका!" जगन डोळे पुसत म्हणाला. "हसणं येगळं, नियम येगळा. पोपटी केव्हाच झाली व्हती. हा उशिरा आला."

"मडकं उघडलं व्हतं?" बायजाबाईनं विचारलं.

"तुम्ही उघडू दिलंत कुठं?"

"उघडलं व्हतं का नाय, तेवढं सांगा."

जगननं जनूभाऊंकडे पाहिलं. जनूभाऊंनी बराच वेळ मिशी कुरवाळली. "नियम मडक्याचा आहे," ते म्हणाले, "शेंगांचा नाही. उघडा."

मडकं उलथलं. आत शेंगा होत्या असं मानायचं. दिसत होता तो कोळसा. पण रीत ती रीत, बरोबर बसून खायचं. जनूभाऊंनी एक उचलली, गुणाजीनं उचलली, आणि मग एकेक करून सगळ्यांनी. कुरुम कुरुम आवाज आणि काळे दात. राहिला जगन. तो मडक्याकडे बघत राहिला, काळुरामकडे बघत राहिला.

"काळुराम," तो म्हणाला, "मेंबर व्हायला तुला लागला दांडा, नि शिक्षा मला." आणि त्यानं डोळे मिटून शेंग तोंडात टाकली.

काळुराम चिंचेच्या मुळीवर टेकला. डोक्यावर टेंगूळ आलं होतं, ते तो मानाच्या तुऱ्यासारखं चाचपत होता. शेंगा चावता चावता त्यानं जनूभाऊंना हळूच विचारलं,

"भाऊ, म्हंजी ह्या पान्याला भरती येतच नाय?"

"येते की," जनूभाऊ म्हणाले. "वर्षातून एकदा. जूनमध्ये लागते, ऑगस्टात पुरी होते."

काळुरामनं बोटांच्या पेरांवर हिशेब केला आणि समाधानानं मान हलवली.

"मग घाई नाय. तवर तुमचं ते नागमोडी शिकून घेतो."