आधीचा फोटो

त्याला फोटोवाला म्हटलेलं खपत नसे. छायाचित्रकार म्हणायचं. चेहऱ्यांच्या ऑपरेशनांचा दवाखाना, त्याच्या जिन्याखालची एक खोली, जिथे पूर्वी फरशी पुसायच्या बादल्या ठेवत असत. त्या खोलीत उभं राहून दिवसभर लोकांच्या पापण्या टिपणाऱ्या माणसाला काय म्हणावं, हा प्रश्न खरं तर कुणाला पडायचं कारण नव्हतं. पण गडी शिष्ट. रिसेप्शनवरच्या मुलीने एकदा सहज 'फोटोवाले काका' अशी हाक मारली, तर पुढचे आठ दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

काम सोपं होतं. ऑपरेशनच्या आधी एक फोटो, नंतर एक फोटो, आणि दोन्ही शेजारी-शेजारी मोठे करून भिंतीवर. 'आधी'च्या फोटोसाठी तो माणसाला तासभर बाहेर ताटकळत ठेवी. मग स्टुलावर बसवून केस मागे घट्ट बांधायला लावी, हनुवटी खाली घ्यायला सांगे आणि बरोबर डोक्यावरचा एकच दिवा लावी. वरून उजेड पडला की कुणाच्याही डोळ्यांखाली खड्डे दिसतात, विशीतल्या पोरीच्याही दिसतात. 'नंतर'च्या फोटोला समोरून दोन दिवे, हनुवटी किंचित वर, आणि मांडीवर थर्माकोलचा एक पांढरा तुकडा. त्या तुकड्यावरून उजेड उलटून डोळ्यांखाली जाई आणि उरल्यासुरल्या सावल्या पुसून टाकी. निम्मं ऑपरेशन थर्माकोलच करून टाकी. हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक होतं. त्यांचे हात मऊ होते, बोलणं त्याहून मऊ. "जरा उजेडाचं बघा," एवढंच ते एकदा म्हणाले होते, आणि आमच्या छायाचित्रकाराला तो आपल्या कलेचा गौरव वाटला होता.

येणाऱ्या गिऱ्हाइकांना तो मनातून कस्पटासमान लेखी. कुणाला कासव म्हणे, कुणाला उशी. पन्नाशी उलटलेल्या माणसाने आरशासमोर उभं राहावंच कशाला, असं त्याचं ठाम मत होतं. स्वतः मात्र टक्कल झाकायला एका कानावरचे केस पार दुसऱ्या कानापर्यंत ओढून आणी आणि वाऱ्याच्या दिवसांत भिंतीच्या कडेकडेने चाले. नाकाने कांदे सोलणारी माणसं पुष्कळ असतात, पण यात त्याचा हात कुणी धरला नसता.

घरी तो आणि त्याची थोरली बहीण. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि ताईने त्याला वाढवलं. पुढे ताईचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, ती परत आली आणि पुन्हा याचंच करत बसली. याचं लग्न झालं नाही. तोलामोलाची मिळाली नाही, असं तो सांगे. ज्यांनी नकार दिले होते, ती मंडळी वेगळं सांगत.

ताई रफू करायची. कपडे धुऊन-इस्त्री करून देणाऱ्या एका मोठ्या दुकानात दर्शनी काचेजवळ तिचं टेबल होतं. कोटाला भोक पडलं की ती त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून चार-दोन धागे उसवून काढी, आणि त्याच धाग्यांनी ते भोक असं विणून टाकी की मालकालासुद्धा जागा सापडत नसे. या कामाला दोन गोष्टी लागतात. डोळे, आणि दिवसाचा उजेड. ट्यूबलाइटखाली करडा धागा आणि राखाडी धागा एकच दिसतात, आणि काम झाल्यावर बाहेर उन्हात गेलं की कोटावर ठिगळ उघडं पडतं.

दुकान मालकाच्या मुलाच्या हाती आलं आणि त्याने ताईचं टेबल आत हलवलं. कारण त्याने तोंडाने कधी सांगितलं नसतं, पण ताईने विचारलं तेव्हा सांगावं लागलं. तिच्या डोळ्यांखाली पहिल्यापासून फुगवटे होते, वयाने ते अजून उतरले होते, आणि दारात पाऊल टाकणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिला विचारी की बरं नाही का, झोप झाली नाही का. दर्शनी भागात असा थकलेला चेहरा बरा दिसत नाही म्हणे. ताईला चेहऱ्याचं दुःख नव्हतं, काचेचं होतं. आत बसून पहिल्याच महिन्यात तिचे दोन कोट परत आले. असं तिच्या बाबतीत पूर्वी घडलं नव्हतं.

त्याच सुमारास एकदा हा घराची किल्ली विसरून गेला आणि ती द्यायला ताई दवाखान्यात आली. भिंतीवर त्याचा सगळ्यात गाजलेला जोड-फोटो होता. डावीकडे एक रया गेलेली बाई, उजवीकडे तीच बाई टवटवीत. ताई बराच वेळ तिथे उभी राहिली. मग म्हणाली, फार सुंदर काढलायस रे. इतक्या वर्षांत तिने त्याच्या फोटोंबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता, कारण तो घरी आणून दाखवी ते गंजलेल्या कड्या नाहीतर धुक्यातले खांब, आणि त्यात बघण्यासारखं काय ते तिला कधी समजलं नव्हतं.

"खरंच असं होतं का पण?" तिने विचारलं.

या ठिकाणी त्याला एक वाक्य बोलायचं होतं. ताई, यातलं निम्मं थर्माकोल आहे. बस्स, एवढंच. जगातल्या प्रत्येक माणसाला मूर्ख ठरवणाऱ्या त्या तोंडातून तेवढं निघालं नाही. कौतुक ऐकून गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला होता, आणि खरं सांगायचं तर खाली उतरावं लागलं असतं.

"दिसतंय ना समोर," तो म्हणाला.

मग त्यानेच डॉक्टरांशी बोलून तिचा नंबर लवकर लावून दिला. आपला शब्द इथे चालतो, हे बहिणीला दाखवायची हौसही त्यात होती. 'आधी'चा फोटोही त्यानेच काढला आणि नेहमीसारखाच काढला. केस मागे, हनुवटी खाली, डोक्यावर दिवा. मुद्दाम नव्हे, हाताला दुसरं काही येतच नव्हतं. डॉक्टरांनी तो पडद्यावर मोठा करून ताईला दाखवला. "अगंबाई, इतकी वाईट दिसते मी?" असं ती पुटपुटली आणि तिने सही केली.

डॉक्टरांनी दोन्ही खालच्या पापण्यांतली चरबी काढली, शिवाय तिथलीच थोडी कातडीही काढली. टाके निघाले. सूज उतरेल म्हणून सगळे थांबले, आणि सूज उतरली तशा पापण्याही उतरल्या. खालची कड डोळ्यापासून सुटून खाली ओढली गेली. बुबुळाखाली पांढऱ्याची पट्टी दिसू लागली, त्याखाली दोन खळगे. ताईचा चेहरा सतत कुणीतरी दचकवल्यासारखा झाला. दुपारी ती जरा आडवी झाली तरी डोळे पुरते मिटत नसत. पंख्याचा वारा टोचे, आणि जागेपणी पाण्याची धार लागलेली. सुईच्या नेढ्यात दोरा जाईना. नेढं एका जागी असे, डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसे दुसऱ्या जागी. मालकाच्या मुलाने आधी विश्रांती घ्यायला सांगितलं, आणि मग त्या टेबलावर बटणं लावणारी एक पोरगी बसवली.

डॉक्टरांनी कानावर हात ठेवले. मालिश करा, म्हणाले. मलम लावून, पट्टी चिकटवून झोपा, म्हणाले. तुमची कातडीच सैल, असंही एकदा म्हणाले, म्हणजे खापर तिच्याच कातडीवर. भावाने घरी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं की मी बोलतो त्यांच्याशी. केबिनमध्ये गेला, डॉक्टरांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि हा बाहेर आला तो 'थोडं थांबा म्हणतात' एवढंच घेऊन. खुर्चीबद्दल मात्र घरी दोनदा सांगितलं.

चौथ्या महिन्यात डॉक्टरांना नवा उपाय सुचला. खळगे इंजेक्शनने भरून देऊ, म्हणजे पापणीचं तेवढं लक्षात येणार नाही. त्याआधी नोंदीसाठी एक 'नंतर'चा फोटो हवा होता. नेहमीच्या पद्धतीने काढा, असं त्यांनी फोटोवाल्याला अगदी मऊ आवाजात सांगितलं.

ताई जिन्याखालच्या खोलीत स्टुलावर बसली. त्याने समोरचे दोन दिवे लावले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ती रुमालाने टिपत राहिली. त्याने हनुवटी वर घ्यायला सांगितलं, म्हणजे कॅमेऱ्यात पांढऱ्याची पट्टी कमी येते. मग थर्माकोलचा तुकडा उचलून तिच्या मांडीवर ठेवला. समोर आरसा होता. ताईने आरशात पाहिलं. तुकडा बाजूला केला, पुन्हा पाहिलं. परत मांडीवर ठेवला आणि पुन्हा पाहिलं. कापडाच्या छटा ओळखण्यात जिचा जन्म गेला, तिला उजेडाची लबाडी समजायला वेळ लागणार नव्हता.

"त्या भिंतीवरच्या बाईच्या मांडीवर पण हे होतं?" तिने विचारलं.

तो कॅमेऱ्याची काच पुसू लागला.

"आणि माझ्या पहिल्या फोटोला नव्हतं."

"ताई, ती पद्धत असते," तो म्हणाला.

ताईने थर्माकोल भिंतीला नीट टेकवून ठेवला, पिशवी उचलली आणि ती निघून गेली. फोटो झाला नाही. घरी तिने अबोला धरला नाही, आदळआपटही केली नाही. काय हवं-नको ते विचारी, जेवायला वाढी. त्याला वाटलं, ती विसरली. असल्या माणसांना असंच वाटतं.

मग ती स्वतःच चौकशी करून डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात गेली. तिथे पापण्यांचं काम करणाऱ्या साठीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. केस आखूड, बोलणंही आखूड. हाही सोबत गेला, कारण रस्ता ओलांडताना तिला गाड्या धड दिसत नसत. जाताना त्याने त्या 'आधी'च्या फोटोची मोठी प्रत पुठ्ठ्यात घालून घेतली. आपण काहीतरी कामाचं आणलंय, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता.

डॉक्टरीणबाईंनी बारकी पट्टी लावून पापण्या मोजल्या, डोळे मिटायला सांगितले, उरलेली फट मोजली. मग सांगितलं की इथे कापायचं फारसं काही नव्हतंच. वयाने गाल उतरला, पापणीखाली खळगा पडला, म्हणून वरचा फुगवटा होता त्याहून मोठा दिसत होता. त्या खळग्यात थोडी भर घातली असती तरी भागलं असतं. तिच्याच पोटावरची चिमूटभर चरबी, नाहीतर ते इंजेक्शन. त्यालाही धोके असतात, जपूनच द्यावं लागतं, पण निदान मनासारखं झालं नाही तर ते विरघळवता येतं. कापलेली कातडी परत येत नाही. आणि आता नुसती भर घालून पापणी वर चढणार नाही. तिला तोंडातल्या टाळूचा बारीक तुकडा आतून लावून आधार द्यायचा, कोपऱ्यात आवळून बसवायची. "पूर्वीसारखं होईल असं मी म्हणणार नाही. डोळा मिटेल आणि पाणी थांबेल, एवढं बघू."

"सुई दिसेल?" ताईने विचारलं.

"बहुतेक दिसेल. पण पापणी पूर्वी नेमकी कुठे टेकत होती ते मला कळायला हवं. जुना फोटो आहे का?"

त्याने लगबगीने पुठ्ठा उघडून पुढे केला. बाईंनी तो पाहिला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"हा काय फोटो आहे? मान खाली, दिवा डोक्यावर. यात पापणीची कड कुठे आहे? साधा एखादा आणा. लग्नातला, सहलीतला, कसलाही."

तो आठवू लागला. घरी कपाटभर फोटो होते. कड्या होत्या, खांब होते, रस्त्यावरच्या अनोळखी म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या होत्या, त्यातल्या एकीला तर कुठल्याशा प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं. ताई त्यात कुठेच नव्हती. तिचा एकही नव्हता. आठवून आठवून त्याच्या कानशिलांना घाम फुटला आणि टकलावरचे केस चिकटले.

ताईने पर्समधून दुकानाचं ओळखपत्र काढलं. त्यावरचा बारका फोटो दुकानातल्या, घरोघर कपडे पोचवणाऱ्या माणसाने मोबाईलवर काढला होता. काचेजवळच्या टेबलाशी ती बसली होती, तिने नुकतीच मान वर केली होती. फ्रेम तिरकी, एक खांदा कापलेला. पण उजेड दिवसाचा होता, फुगवटे होते तेवढेच होते, आणि पापण्या जिथे असायच्या तिथे होत्या.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून तो बराच वेळ पाहिला. "हा चालेल. मोबाईलमधला मूळ फोटो असेल तर मागवून घ्या," त्या म्हणाल्या. "असे अजून दोन-तीन असते तर बरं झालं असतं. घरात कुणी फोटो काढणारं नाही का?"

तो खाकरला, खुर्चीत जरासा पुढे सरकला.

ताईने रुमालाने आधी उजवा डोळा टिपला, मग डावा.

"नाही," ती म्हणाली, "आमच्याकडे कुणी नाही."