टेबल नसलेला देश

डीमन या डच गावातल्या आमच्या मुलांच्या शाळेत दरवर्षी देशांचा दिवस असतो. प्रत्येक देशाला एक टेबल, वर झेंडा आणि खायला काहीतरी. भारताच्या टेबलावर सामोसेच हवेत, असा बहुधा कुठेतरी कायदा झालेला आहे. यंदा मी कोथिंबीर वडीसाठी पालकांच्या ग्रुपवर कडाकडा भांडले आणि टेबलाचा एक कोपरा मिळवला. आमच्या घराण्याने स्वातंत्र्यासाठी दिलेला हा एकमेव लढा.

वरच्या मजल्यावरची माझी मैत्रीण सहारावी, म्हणजे पश्चिम सहारातली. खरं तर तिने तो मुलूख पाहिलेलाही नाही. तिथे आधी स्पेनचं राज्य होतं, स्पेन गेला तर मोरोक्को आला, तिचे आईवडील पळाले आणि ही शेजारच्या देशात, निर्वासितांच्या तंबूत जन्मली. तिची मुलगी माझ्या लेकीच्या वर्गात. यंदा आपलंही टेबल हवं म्हणून त्या पोरीने आईचं डोकं खाल्लं होतं.

म्हणून मी तिच्याबरोबर शाळेत गेले, तर यादीत तो देशच नव्हता. कार्यक्रमाचं बघणाऱ्या बाई स्वभावाने प्रेमळ. त्या तिला म्हणाल्या, "तुम्हाला स्पॅनिश येतं ना? मग स्पेनच्या टेबलावर बसा. नाहीतर मोरोक्कोच्या."

माझ्या पणजोबांना कुणी इंग्लंडच्या टेबलावर बसवलं असतं, तर त्यांनी ते उलथून टाकलं असतं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पणजोबा इंग्रजांच्या पोस्टात होते. त्यांनी टेबल पुसून दिलं असतं.

घरी येऊन ग्रुपवर विचारलं, आपल्या टेबलावर तिला जागा देऊ या का? "ये पॉलिटिकल हो जाएगा," असं उत्तर आलं. पंधरा ऑगस्टला गालावर तिरंगा रंगवणारी ही माणसं! माझं डोकं फिरलं. मी तडक वर गेले आणि माझा कोपरा तिला देऊन टाकला.

"नको," ती म्हणाली. "मी जन्मल्यापासून पाहुणीच आहे. आता आणखी एक यजमान नको."

मला भयंकर राग आला. उपकार करायला गेलेल्या माणसाला नकार फार झोंबतो. वड्या मीच तळल्या, मीच मांडल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी ती गालिचा घेऊन आली. स्पेन आणि मोरोक्कोच्या मधली जागा रिकामी होती, तिथे जमिनीवर तो अंथरला आणि उंचावरून फेसाळ चहा ओतायला लागली. पोरगी शेजारी ताठ बसली होती. ते बघून माझा राग कुठल्या कुठे गेला आणि डोळे भरून आले.

बाई लगबगीने आल्या. गालिच्याच्या काठाशी थांबून त्यांनी विचारलं, "हा कुठला देश?"

"आधी बूट काढा," पोरगी डचमध्ये म्हणाली.

बाईंनी निमूटपणे वाकून बूट काढले.