कंप्युटरमधलं कुंकू
आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कंप्युटरच्या पाठीतलं कुंकू काढलं. खंडेनवमी होती. घाटनांदूरच्या आमच्या वजनकाट्यावर जुना कंप्युटर हाय, तो बायकोच चालवायची. मी दुसरी नापास. पूजेसाठी मी सगळ्या वायरी उपसल्या अन् काट्याची वायर बसते त्या खाचेतसुद्धा बोटानं ओलं कुंकू लावलं. तेवढ्यात सोयाबीनचा ट्रॅक्टर काट्यावर चढला. वायरी परत खोचल्या, पण कंप्युटरवर वजनच येईना. बायको वाचून म्हणाली, "पोर्ट सापडत न्हाई म्हणतंय, म्हंजे काट्याच्या वायरीची खाच." हातानं लिहिलेली चिठ्ठी मोंढ्यात चालत न्हाई, अन् ट्रॅक्टरवाल्याला लिलाव संपायच्या आत तिथं पोचायचं होतं. तो म्हणाला, "काका, तुमचा देव उठवा की लवकर." मी फुंकर मारायला वाकलो तर बायको म्हणाली, "फुंकू नका, तोंडात तंबाखू हाय तुमच्या." मग ती वायर पुन्हा उपसली, तिनं बॅटरी धरली अन् मी जुन्या ब्रशानं आतल्या नऊच्या नऊ काड्या पुसल्या. वायर तिच्यापुढं केली तर म्हणाली, "रुंद बाजू वर. तुमीच लावा, दर बारीला मीच कावून वाकू?" मी लावली, वजन आलं, ट्रॅक्टर येळेत गेला. त्यावर आमी जेवतानाही लई हसलो. हसत झोपली, एवढं बरं झालं. दसऱ्याच्या सकाळी हाक मारली तर उठली न्हाई, अंग गार पडलं होतं. बाहेर एक गाडीवाला हॉर्न देत होता, त्याला काय ठावं. मी गेलो, ती दाबायची तीच बटनं दाबली, त्याला वजनाची चिठ्ठी दिली, अन् मग म्हणालो, "बाबा, जरा खाली उतर. घरात माणूस गेलंय."